माल नको, ट्रक मोजा

आपल्या घरांत चवथ, दिवाळी, वाढदिवस यांच्या जोडीला आता आणखी एक वार्षिक कार्यक्रम ठरलेला असतो, तो म्हणजे फुल बॉडी चेकअप. कधी कंपनीचं पॅकेज असतं, कधी लॅबची ऑफर. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं की संध्याकाळी मोबाइलवर पंधरा-वीस पानांची पीडीएफ येते. आपण ती कशी वाचतो? ठळक अक्षरांत काही छापलंय का ते बघतो. आधी साखर, मग कोलेस्टेरॉल. एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत असलं की ‘चला, सुटलो’ म्हणतो आणि फाइल बंद करतो.

हा लेख त्या पीडीएफमधल्या एकाच पानाबद्दल आहे. त्या पानाचं नाव लिपिड प्रोफाइल. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. फर्मागुडीच्या कॉलेजात बीई केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आमच्या डिचोलीच्या घरात हृदयविकार हा पाहुणा नाही, घरचाच माणूस आहे. आजोबा, मोठे काका आणि धाकटे काका, तिघंही पंचावन्नच्या आत गेले. धाकटे काका तर ४७व्या वर्षी. अंगाने काटकुळे, सिगारेट नाही, रोज पहाटे मयेच्या रस्त्याला फिरायला जाणारे. जाण्याआधी चार महिने त्यांनी तपासणी केली होती आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पेढे आणले होते. तो रिपोर्ट माझ्याकडे आहे. त्यातले आकडे पुढे देणारच आहे. त्या ‘नॉर्मल’चा अर्थ शोधता शोधता मी जे वाचलं आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारून जे समजून घेतलं, ते तुमच्यासमोर, विशेषतः आपल्या पंचविशी-तिशी-चाळिशीतल्या मंडळींसमोर ठेवतो आहे.

रक्तात तेल तरंगत नाही

कोलेस्टेरॉल हे विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागतं. पित्त, ड जीवनसत्त्व आणि काही हार्मोन्स त्याच्यापासून बनतात. अडचण एवढीच की ते आहे तेलकट, आणि रक्त आहे पाणीदार. कढीवर तेलाचा तवंग यावा तसं ते रक्तात सुटं फिरू शकत नाही. म्हणून शरीर त्याला गाडीत घालतं. बाहेरून पाण्यात मिसळणारं आवरण, त्यावर प्रथिनाची चौकट, आत चरबी आणि कोलेस्टेरॉलचा माल. या गाडीला म्हणतात लायपोप्रोटीन.

डिचोलीकरांना याहून सोपं उदाहरण लागत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक एकामागून एक सारमानसच्या धक्क्याकडे धावायचे. तिथे माल बार्जमध्ये पडायचा आणि मांडवीतून मुरगावला जायचा. खनिज म्हणजे कोलेस्टेरॉल, ट्रक म्हणजे लायपोप्रोटीन आणि रस्ता म्हणजे आपली रक्तवाहिनी.

या ट्रकांचे प्रकार आहेत. यकृतातून माल भरून निघतो तो मोठा ट्रक व्हीएलडीएल. त्यात मुख्यतः ट्रायग्लिसराइड ही चरबी असते. ती वाटेत उतरवत उतरवत तो लहान होतो आणि त्याचा एलडीएल बनतो. एलडीएलमध्ये उरलेला माल बहुतेक कोलेस्टेरॉलचा. दुसऱ्या बाजूने एचडीएल नावाची छोटी गाडी जादा कोलेस्टेरॉल उचलून परत नेते.

आता महत्त्वाची गोष्ट. व्हीएलडीएल असो वा एलडीएल, अशा प्रत्येक कणावर अपो-बी नावाच्या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू असतो. म्हणजे ती त्याची नंबरप्लेट. रक्तातल्या अपो-बी मोजल्या की किती ट्रक रस्त्यावर आहेत ते कळतं.

आणि रस्त्याची वाट लागते ती ट्रकांमुळे. हे कण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून आत शिरतात, काही तिथेच अडकतात. त्यांना खायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं हा थर साचतो. एक दिवस त्याचं वरचं आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते, वाट बंद होते आणि हार्ट अटॅक येतो. जितके जास्त कण, तितक्या अस्तरावर जास्त धडका. प्रत्येक ट्रकमध्ये माल किती, ही नंतरची गोष्ट. पण आपला रिपोर्ट मात्र ट्रक सोडून माल मोजतो.

मग माल का मोजतात?

यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत माणसासारखेच थर दाखवले. तेव्हापासून संशय कोलेस्टेरॉलवर होता. पुढची उडी घेतली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या जॉन गॉफमन यांनी. हे मूळचे अणुविज्ञानातले, दुसऱ्या महायुद्धात प्लुटोनियमवर काम केलेले. युद्धानंतर ते हृदयविकाराकडे वळले. त्यांच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे अतिवेगाने फिरणारं यंत्र होतं. ताक घुसळल्यावर लोणी वर यावं तसे रक्तद्रवातले कण त्यांनी या यंत्रात घनतेप्रमाणे वेगळे केले. १९५० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलं की एकूण कोलेस्टेरॉल सारखं असलेल्या दोन माणसांच्या रक्तात हे कण अगदी वेगवेगळ्या प्रमाणात असू शकतात, आणि हृदयविकाराचा धोका कणांवरून जास्त कळतो.

पण अल्ट्रासेंट्रिफ्यूज महाग, त्याला तज्ज्ञ हात लागत. कोलेस्टेरॉल मोजणं मात्र स्वस्त आणि सोपं. अमेरिकेतल्या चार प्रयोगशाळांनी मिळून मोठी तुलना केली. १९५६ साली त्यातल्या बहुमताने निर्णय दिला की कण मोजून साध्या कोलेस्टेरॉल चाचणीपेक्षा फार काही जास्त मिळत नाही. गॉफमन यांच्या गटाने वेगळं मत नोंदवलं, पण व्यवहारात जिंकली ती सोपी चाचणी.

१९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एक सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरलं ते एलडीएल. आजही अनेक रिपोर्टांत एलडीएलचा आकडा असा वजाबाकीने येतो, थेट मोजलेला नसतो. आमच्या धंद्यात याला जुना कोड म्हणतात. चालतोय ना, मग हात लावू नका. बहुतेक लोकांसाठी तो खरंच चालतो. गडबड होते ती आपल्यासारख्यांच्या बाबतीत.

आपल्या रक्ताची खोड

२०१४ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे लिपिडविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचे प्रमुख लेखक होते मुंबईचे डॉ. शशांक जोशी. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या २,०४२ लोकांची तपासणी त्यात होती. एलडीएल जास्त असलेले निघाले फक्त ११.८ टक्के. पण ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के आणि एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. म्हणजे आपली ठराविक तऱ्हा अशी: एलडीएल बरं दिसतं, ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल पडलेलं.

ही तऱ्हा फसवी का? रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलं की गाड्यांमध्ये मालाची अदलाबदल होते. एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल निघून जातं आणि तो कण लहान, अर्धवट भरलेला राहतो. शंभर टन खनिज दहा टनांच्या ट्रकांनी न्यायचं तर दहा ट्रक लागतील, पाच टनांच्या ट्रकांनी न्यायचं तर वीस. माल तेवढाच, धडका दुप्पट. रिपोर्टमध्ये मात्र दोघांचंही एलडीएल शंभरच दिसणार.

यामागे आपल्या शरीराची ठेवणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार, असा हा भारतीय देह. ही आतली चरबी मुख्यतः पोटात, यकृताच्या आसपास बसते, आणि यकृत मग ट्रायग्लिसराइडचे ट्रक जास्त सोडू लागतं. आमचे काटकुळे काका मला पहिल्यांदा कळले ते हा फोटो बघून.

आणि गोवेकरांनो, आपल्यासाठी आणखी एक आकडा. इंडियाबचे देशभराचे निष्कर्ष २०२३ साली आले. मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त कुठे? आपल्या गोव्यात, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४. मधुमेह आणि वर सांगितलेली लिपिडची तऱ्हा या जुळ्या बहिणी आहेत. एक घरात आली की दुसरी मागोमाग येते.

काकांचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

आता ते आकडे. एकूण कोलेस्टेरॉल १९०. एचडीएल ३४. ट्रायग्लिसराइड २१०. एलडीएल, वजाबाकीने, ११४. लॅबच्या छापील मर्यादांप्रमाणे एकूण दोनशेच्या आत, एलडीएल १३०च्या आत. ट्रायग्लिसराइड ठळक अक्षरांत होतं, पण ‘आदल्या दिवशी लग्नाचं जेवण होतं ना’ म्हणून ते सोडून दिलं गेलं. कमी एचडीएलकडे कोणी बघितलंच नाही.

यात एक वजाबाकी तुम्ही स्वतः करू शकता, त्याला पैसे पडत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. १९० वजा ३४ म्हणजे १५६. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. एलडीएल, व्हीएलडीएल आणि त्यांच्यासारख्या सगळ्या त्रासदायक गाड्यांमधला एकत्रित माल त्यात येतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४मध्ये भारतीयांसाठी पहिल्यांदाच स्वतःची लिपिड-मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांच्याप्रमाणे कमी धोक्याच्या माणसाचंसुद्धा एलडीएल १००च्या आत आणि नॉन-एचडीएल १३०च्या आत हवं. धोका जास्त असेल तर या मर्यादा आणखी खाली, ७० आणि १०० अशा जातात. काका १५६वर होते, आणि बाप-भावाचा इतिहास पाठीशी.

ही वजाबाकी कोणी केली असती तर काका वाचले असते का, ते मी सांगू शकत नाही. पण तो रिपोर्ट पेढे आणण्यासारखा नव्हता, एवढं नक्की.

बुरशीतून आलेलं औषध

‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं असतात. एक, गोळी चालू म्हणजे आता काहीही खा. दुसरं, गोळी म्हणजे कंपन्यांचा कट. म्हणून ती कशी सापडली ते थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर एका आनुवंशिक आजाराचा अभ्यास करत होते. त्यात लहान मुलांनासुद्धा हार्ट अटॅक येतो. १९७३-७४च्या सुमाराला त्यांना दिसलं की निरोगी पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे धक्के असतात, आणि या मुलांच्या पेशींवर ते धक्के नसतातच किंवा निकामी असतात. ट्रक माल घेऊन आले, पण रिकामे व्हायला जागा नाही. मग ते रस्त्यावरच फिरत राहणार. या शोधाला १९८५चं नोबेल मिळालं.

त्याच काळात जपानमध्ये अकिरा एंडो बुरशीच्या सुमारे सहा हजार जाती तपासत होते. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत त्यांना हवं ते द्रव्य सापडलं. ते शरीराची कोलेस्टेरॉल बनवण्याची क्रिया मंदावतं. स्टॅटिन या औषधांची ही पणजी. यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनलं की यकृत गरजेपोटी रक्तातून जास्त ओढायला लागतं आणि त्यासाठी जादा धक्के बांधतं. रस्त्यावरचे ट्रक कमी होतात. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या ‘फोर-एस’ चाचणीत स्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. काहींना स्नायूदुखी होते, काहींची साखर थोडी वाढते, म्हणून गोळी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी किंवा थांबवावी. पण तिला कट म्हणणं त्या सहा हजार बुरशींवर अन्याय आहे.

‘चांगलं’ एचडीएल वाढवून मात्र असा फायदा मिळाला नाही. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, तरी मृत्यू वाढले, आणि २००६ साली ती चाचणी थांबवावी लागली. म्हणून ‘माझं एचडीएल चांगलं आहे, एलडीएल वाढलं तर चालतं’ हा हिशेब चुकीचा.

वयाचा गुणाकार

तरुण मंडळींनी इथे जरा थांबावं. २००६ साली डॅलसच्याच जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्ज यांनी काही कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात पीसीएसके-९ हे जनुक जन्मतःच बिघडलेलं होतं. हे जनुक एलडीएलचे धक्के मोडायचं काम करतं, त्यामुळे ते बिघडलं की धक्के जास्त टिकतात. या लोकांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं. आणि हृदयविकार किती कमी? ८८ टक्क्यांनी.

वर बघितलेल्या चाचणीत गोळीने एलडीएल याहून जास्त उतरलं होतं, तरी फायदा एवढा मोठा नव्हता. मग हा फरक कुठून आला? काळातून. गोळी घेणारे उतारवयात सुरुवात करत होते, तर या लोकांचं एलडीएल जन्मापासून कमी होतं. रस्त्याचं नुकसान रोज किती ट्रक जातात आणि ते किती वर्षं जातात, या दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतं. पंचविशीत ट्रक कमी केले तर पुढची चाळीस वर्षं रस्ता टिकतो. पन्नाशीत केले तर डागडुजी होते.

वारसाहक्काने मिळणारा ट्रक

१९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांना रक्तात एक वेगळाच कण सापडला. दिसायला एलडीएलसारखाच, पण त्याला एक जादा प्रथिन आकड्यासारखं अडकवलेलं. याचं नाव लायपोप्रोटीन ए. डॉक्टर त्याला ‘एल-पी-लिटल-ए’ म्हणतात. हा रक्तवाहिनीत अडकतो, थर वाढवतो आणि हृदयाच्या झडपेवरही चुना साचवतो.

याचं वैशिष्ट्य असं की तो किती असणार हे जवळजवळ पूर्णपणे जन्माच्या वेळी ठरतं. व्यायामाने, पथ्याने तो फारसा हलत नाही. स्टॅटिननेही कमी होत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तो मोजतच नाहीत, वेगळी चाचणी सांगावी लागते. ५० मिलिग्रॅमच्या वर गेला तर जास्त. वर उल्लेख केलेल्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पाश्चात्त्य देशांत १५ ते २० टक्के लोकांत तो जास्त असतो, भारतीयांत सुमारे २५ टक्के. म्हणजे चारांत एक. म्हणूनच प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही चाचणी करावी असं त्यांनी सांगितलं आहे. तो थेट कमी करणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. तोपर्यंत उपाय एकच: हा ट्रक अंगात आहे हे माहीत असेल तर बाकीचे ट्रक, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त कडक राहायचं.

काका गेले त्या वर्षीच्या चवथीला सगळी भावंडं मूळ घरी जमली होती. आरत्या आटोपल्यावर माटोळीखाली बसून मी वही काढली आणि मोठ्या आत्याला विचारायला लागलो, कोण कितव्या वर्षी गेलं, कशाने गेलं. पणजोबा ‘गॅस छातीत चढून’, वय पन्नासच्या आसपास. आजोबा ‘झोपेत’, वय ५२. आजोबांचे भाऊ ‘उसण भरून’. लिहिताना लक्षात आलं की आमच्या घरात हार्ट अटॅकला कधी त्याच्या नावाने हाक मारलीच नव्हती.

काकूंना ते लिहिणं आवडलं नाही. त्या म्हणाल्या, “हे असं कागदावर कशाला मांडतोस रे? उद्या पोरीला स्थळ बघायला लागलो की लोक हेच विचारतील.” त्यांची भीती खोटी नव्हती. चोवीस वर्षांची मुलगी, वडील नुकतेच गेलेले. कोणी काही बोलेना. शेवटी आत्या म्हणाली, “वहिनी, आमच्या बापाला आम्ही गॅसच्या नावावर घालवलं. लपवून कोण वाचलं सांग बघू?”

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही नऊ भावंडांनी चाचणी केली. चौघांचं लायपोप्रोटीन ए जास्त निघालं. त्यात मी आहे, ९६. काकांची मुलगीही आहे, ११०. माझ्या एकतीस वर्षांच्या भावाचं त्याबरोबर एलडीएलही १४८ होतं, त्याला डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ‘मी जिमला जातो, मला कशाला गोळी’ म्हणून तो दोन आठवडे भांडला, मग घ्यायला लागला. बहिणीला सध्या गोळी नाही. वजन, साखर आणि रक्तदाब यांवर लक्ष, आणि दरवर्षी तपासणी. रिपोर्ट तिनेच आईला वाचून दाखवला आणि म्हणाली, “जो विचारेल त्याला मीच सांगेन. त्याने त्याचाही रिपोर्ट दाखवावा.”

ताटातलं काय?

हा प्रश्न येणारच. नुस्ते सोडायला नको. बांगडा-तारली हृदयाला चांगलीच, पण तव्यावर तेलात पोहणारी नव्हे. नारळाबाबत मात्र खरं बोलायला हवं. खोबरेल तेलात संपृक्त चरबी भरपूर असते आणि शेंगदाणा किंवा सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवतं. हुमणातला खोवलेला नारळ आणि खोबरेलात तळणं यांत फरक आहे. पहिला बेताने ठेवावा, दुसरं कमी करावं. चोरीसचा पाव हा सणासुदीचा पदार्थ, रोजचा नाश्ता नव्हे.

ट्रायग्लिसराइडचे गुन्हेगार वेगळे: ताटभर शीत, संध्याकाळचा भाजी-पाव, गोड चहा, बेकरीचा माल आणि दारू. उर्राकच्या मोसमातला रिपोर्ट आणि एरवीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. भाताचा डोंगर निम्मा करून उरलेल्या जागी कडधान्य आणि भाजी घातली, रोज अर्धा तास पाय उचलून चाललं, तर ट्रायग्लिसराइड काही महिन्यांत उतरतं. आमच्या घरी बाबांचं २४०वरून १६०वर आलं, तेही आईने भाताचा डाव बदलल्यावर.

तुमच्यासाठी पाच कामं

१. जुना रिपोर्ट काढा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. उत्तर १३०च्या वर असेल तर डॉक्टरांना दाखवा, एलडीएलसमोर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी.

२. लायपोप्रोटीन ए एकदा मोजून घ्या. मधुमेह, पोटाचा घेर किंवा जास्त ट्रायग्लिसराइड असेल तर अपो-बी चाचणीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

३. पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी करा. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याआधीही. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नेहमीच्या तपासणीसाठी आता उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही.

४. एलडीएल १९०च्या वर असेल, घोट्यामागच्या शिरेवर गाठी असतील किंवा कमी वयात पापण्यांजवळ पिवळे चट्टे आले असतील, तर आनुवंशिक आजाराची शंका घ्या. अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून सगळ्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करा.

५. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम असं झालं तर सोडा-लिंबू करत बसू नका. १०८ला फोन करा. २०१८पासून चालू असलेल्या स्टेमी-गोवा योजनेत गावाकडच्या आरोग्य केंद्रांतला ईसीजी लगेच तज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देता येतं आणि मग रुग्णाला बांबोळीला गोमेकॉत हलवतात. यात एकेक मिनिट मोलाचं असतं.

आपल्या गोव्यात घरातलं कोणी गेलं की वारसांची इन्व्हेंटरी होते. आजोबांचं भाट, घराचा हिस्सा, विहिरीवरचा हक्क, कोणाचं काय ते सगळं कागदावर येतं. त्यासाठी आपण वकील गाठतो, वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारतो. रक्तातून आलेल्या वारशाची इन्व्हेंटरी करायला एक साधी वही पुरते. नाव, नातं, वय, काय झालं, आणि शेवटच्या रकान्यात लायपोप्रोटीन एचा आकडा. येत्या चवथीला घरी जाल तेव्हा ती वही बरोबर न्या आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या आत्याच्या शेजारी बसा. बाकीचं ती सांगेल.